झाडावर पिशवी घेऊन फिरणाऱ्या अळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'फांदीवरची काटकी चालताना दिसली' अशी सुरुवात असलेले निरोप वर्षभर येत राहतात. सोबतचा फोटो बहुधा धूसर असतो आणि विचारणा ठरलेली असते: हे काय आहे, आणि मारू का? आजवर पुन्हा पुन्हा दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, पेचाचे नंतर. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. वाचण्याआधी एवढं ध्यानात ठेवा की या मंडळींना ओळखताना अळीच्या आधी पिशवी पाहायची. अळी लपून बसते, पण तिची पिशवी सगळं उघड सांगत असते.

१. झाडाला वाळक्या काटक्यांची इवलीशी मोळी लटकली आहे. हात लावला की हलते. काय असेल?

बहुतेक बॅगवर्म. ही एका पतंगाची अळी. ती अंगाभोवती रेशमाची पिशवी विणते आणि बाहेरून काटक्या, पानांचे तुकडे, सालपटं, काटे असं मिळेल ते चिकटवते. पुढच्या तोंडातून डोकं आणि छातीचे सहा पाय बाहेर काढून ती पिशवीसकट चालते. धक्का लागला की आत जाते आणि तोंड आवळून घेते. या कुळाचं शास्त्रीय नाव सायकिडी असून त्यात जगभरात सुमारे १,३५० जाती आहेत. काहींची पिशवी जेमतेम अर्धा सेंटिमीटर भरते. ऑस्ट्रेलियातल्या मेट्युरा इलाँगेटस या जातीची १२ सेंटिमीटरच्या पुढे जाते.

पिशवी सेंटिमीटरभर किंवा त्याहून लहान असेल आणि नुसत्या नळीसारखी गुळगुळीत दिसत असेल, तर थेट प्रश्न ५ वाचा. तो प्राणी वेगळा आहे.

२. म्हणजे हा कोषच ना? आतून फुलपाखरू निघेल?

कोष नाही. कोष अळी आयुष्याच्या शेवटी एकदाच करते आणि त्यात निपचित पडून राहते. बॅगवर्मची पिशवी अंड्यातून बाहेर पडल्या दिवसापासून असते. काही खाण्याआधी ती पहिलं काम हेच करते. पुढे अळी वाढेल तशी पिशवीही वाढवली जाते आणि शेवटी तीच कोषाच्या कामी येते. आतून पतंग निघतो खरा, पण बहुधा फक्त नर. मादीची गोष्ट प्रश्न १५ मध्ये आहे.

३. पिशवीत राहून ती खाते कशी? आणि घाण कुठे टाकते?

पिशवीला दोन तोंडं असतात. पुढचं मोठं, खाण्याचं आणि चालण्याचं. मागचं निमुळतं, तिथून विष्ठा बाहेर पडते. त्यामुळे घर आतून स्वच्छ राहतं. लटकलेल्या पिशवीखाली पानांवर किंवा जमिनीवर काळसर दाणे पडलेले दिसले, तर आत अळी जिवंत आहे आणि पोटभर खाते आहे असं खुशाल समजा.

वाढीव बांधकाम नेहमी पुढच्या तोंडाशी होतं. म्हणून पिशवीचं शेपूट सर्वांत जुनं आणि तोंडाजवळचा भाग सर्वांत ताजा. मागच्या अर्ध्यावर एका झाडाच्या काटक्या आणि पुढे दुसऱ्याच झाडाच्या पानांचे तुकडे असतील, तर अळीने मधे झाड बदललं आहे. मला स्वतःला हा भाग सर्वांत आवडतो. तिने कुठे कुठे मुक्काम केला ते पिशवीवर क्रमवार लिहिलेलं असतं.

४. शेजारच्या झाडावर पानांच्या तुकड्यांची पिशवी आहे, माझ्याकडे काटक्यांची. दोन वेगळ्या जाती का?

नुसत्या सामानावरून ठरवू नका. एकाच जातीची अळी मोरपंखीवर खवल्यांसारख्या पानांची पिशवी करते आणि रुंद पानांच्या झाडावर पानांच्या तुकड्यांची. जे हाताशी, ते अंगावर.

रचनेवर मात्र भरवसा ठेवता येतो. काटक्या पिशवीच्या लांबीत समांतर लावल्या आहेत, की आडव्या रचून लाकडी खोपटासारखी चौकोनी चळत केली आहे? तुकडे घट्ट बसवलेत, की कौलांसारखे एका टोकाला सुटे? पिशवी लोंबते, की उभी चिकटलेली असते? सायकी कास्टा ही छोटी जात गवताच्या काड्या लांबीत बसवते आणि तिची पिशवी साधारण सेंटिमीटरभर असते. बाभळीवर सापडणाऱ्या युमेटा क्रामेरीच्या पिशवीवर काटक्या आणि काटे लांबीतच जडवलेले असतात, पण ती कितीतरी मोठी. सामान, रचना, आकार आणि झाड या चारही गोष्टी जुळल्या, तरच नावाकडे वळावं.

५. सफरचंदाच्या पानावर अर्ध्या सेंटिमीटरची तपकिरी नळी उभी आहे, आणि पानावर फिकट डाग आहेत. हाही बॅगवर्म?

नाही. ही कोलिओफोरा, कोलिओफोरिडी कुळातली. या एका प्रजातीत हजाराहून अधिक जाती आहेत. नर आणि मादी दोघांनाही पंख असतात, पण पतंग इतके बारीक आणि अरुंद पंखांचे की सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

हिची सवय मुद्दाम पाहण्यासारखी आहे. लहानपणी ती नागअळीसारखी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहते. मग पोखरलेल्या पानाचाच तुकडा कापून त्याची नळी करते, किंवा रेशमाची नळी विणते. नळीचं तोंड पानाला, बहुधा खालच्या बाजूने, चिकटवते आणि एक बारीक भोक पाडते. त्या भोकातून अंग आत लांबवून पोचेल तेवढा गर खाते. नळी मात्र सोडत नाही. शेपटाकडचं टोक नळीत अडकवूनच सगळा व्यवहार. पोच संपली की नळी उचलून पुढची जागा.

त्यामुळे तिने मागे ठेवलेली खूण पक्की ओळखता येते: फिकट, पारदर्शक डाग आणि त्यात एक नेटकं गोल भोक. डाग उजेडासमोर धरा. आत विष्ठा नसेल तर ती कोलिओफोराच, कारण तिची घाण नळीच्या मागच्या टोकातून बाहेर जाते. साध्या नागअळीच्या बोगद्यात काळ्या विष्ठेची रेघ किंवा ठिपके दिसतात. अळी निघून गेली असली तरी या डागावरून ती येऊन गेल्याचं कळतं.

नळीचा घाटही पाहा. फळझाडांवर सिगारसारखी सरळ नळी असते, तशीच पिस्तुलाच्या मुठीसारखी वाकलेलीही असते. मागचं टोक दोन पाकळ्यांनी मिटतं की तीन, हे भिंगातून दिसतं आणि जात ठरवताना फार उपयोगी पडतं.

६. दोघींमधला फरक एका वाक्यात सांगा ना.

बॅगवर्म पान कडेने कुरतडते किंवा त्याला भोकं पाडते आणि तिच्या पिशवीवर बाहेरून सामान जडवलेलं असतं. कोलिओफोरा पान आतून पोखरते आणि तिच्या नळीवर सहसा काहीच जडवलेलं नसतं. दुसरं वाक्य लागलंच, तर लहान बॅगवर्मही अर्ध्या सेंटिमीटरची असते आणि पानाचा वरचा थर खरवडून फिकट डाग पाडते. तो डाग एका बाजूने उघडा असतो, दोन पापुद्र्यांमध्ये बंद नसतो.

७. लार्च या सूचिपर्णी झाडाच्या सुया टोकाकडून वाळक्या गवताच्या रंगाच्या झाल्या आहेत. रोग आहे का?

भिंग घ्या आणि सुयांवर पोकळ, फिकट, चार ते सहा मिलिमीटरच्या नळ्या शोधा. सापडल्या तर ती कोलिओफोरा लॅरिसेला. तिची नळी म्हणजे तिनेच आतून कोरून खाल्लेल्या सुईचा तुकडा. मूळची युरोपातली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये ती १८८६ साली प्रथम आढळली आणि नंतर लार्चच्या जंगलांत दूरवर पसरली. तिला आवरायला तिकडे अगाथिस प्युमिला आणि क्रायसोकॅरिस लॅरिसिनेली या दोन परजीवी गांधीलमाश्या युरोपातून नेऊन सोडल्या गेल्या. लार्च दरवर्षी पानं झडणारं झाड असल्याने एखाददुसरा हंगाम सहज सोसतं.

८. खोडावर राखाडी, मातीच्या कणांनी मढवलेल्या बारीक नळ्या आहेत. झाड पोखरत असतील का?

नाही. या लहान बॅगवर्म सालीवरचं दगडफूल आणि शेवाळ खातात. खोडाला काही होत नाही. नळी हाताने फिरवून पाहा: डालिका ट्रायक्वेट्रेलासारख्या जातींची नळी छेदात तीनधारी असते. त्यांना राहू द्या.

९. गोगलगायीसारखी गुंडाळी आहे, पण आत गोगलगाय नाही!

फसलात तर वाईट वाटून घेऊ नका. १८३४ साली आयझॅक ली या अभ्यासकाने वाळूच्या कणांची अशीच एक गुंडाळी नव्या जातीची गोगलगाय म्हणून नोंदवली होती. नंतर कळलं की ती पाण्यात राहणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळीचं घर होतं.

झाडावर किंवा झाडाजवळच्या भिंतीवर सापडणारी गुंडाळी बहुधा अॅप्टेरोना हेलिकॉइडेला या बॅगवर्मची असते. काही मिलिमीटरची, मातीच्या कणांनी मढवलेली. सुईने कोरा: शंख तुकडे होऊन फुटतो, हिच्यातून रेशमाचे धागे निघतात. चालती सापडली तर प्रश्नच मिटला, गोगलगायीला सहा पाय नसतात. या जातीत माद्या नराशिवाय प्रजा वाढवतात, त्यामुळे एक पिशवी दिसली की पुढच्या वर्षी बऱ्याच दिसू शकतात.

१०. पानाला लंबगोल खिडक्या पडल्यात आणि कापलेला तुकडा चालत गेला, शपथ!

शपथेची गरज नाही. हेलिओझेलिडी कुळातल्या अळ्या पान पोखरून झाल्यावर वरचा आणि खालचा पापुद्रा लंबगोल कापतात, कडा रेशमाने शिवतात आणि त्या चपट्या पाकिटात बसून पान सोडतात. इनकर्व्हारिडी कुळातल्या काही अळ्या दोन चकत्यांमध्ये राहून फिरतात. मेपलवर हे नेहमी दिसतं.

पण खिडकी पानाच्या कडेला असेल, अर्धगोल असेल आणि तुकडा कुठेच सापडत नसेल, तर ते पानं कापणाऱ्या मधमाशीचं काम. तिने तुकडा घरट्यासाठी नेला. ती परागीभवन करते, तिला हाकलू नका.

११. पाठीवर कचऱ्याचा ढीग घेऊन काहीतरी भराभर पळत होतं. चिरडलं. बरोबर केलं ना?

बहुतेक नाही. ती क्रायसोपाची अळी असावी, मावा आणि पिठ्या ढेकूण खाणारी. ती खाल्लेल्या भक्ष्यांची सालं आणि धागे पाठीवर लादते. तिला पिशवी नसते: ढीग नुसता पाठीवर असतो आणि पोट खालून उघडं दिसतं. शिवाय ती चपळ असते आणि डोक्यासमोर विळ्यासारखे दोन जबडे असतात. बॅगवर्म कधीच पळत नाही. ओझं घेऊन रखडत, थांबत थांबत जाते. ओझेवाला धावत असेल तर हात आवरा, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ.

१२. अळीच्या घरासारखं दिसतं, पण अळीचं घर नाही, असं आणखी काय काय असतं?

फांदीवरचा मातीचा इवला घडा कुंभारीण माशीचा. तो जागचा हलत नाही. रेशमाने बांधलेली गुंडाळी पाने गुंडाळणाऱ्या अळीची. तीही पानाला पक्की असते. फांदीला चिकटलेले, नखाने निघणारे फुगवटे खवले किडीचे. पानावर विष्ठेची छत्री डोक्यावर धरून बसलेली काटेरी अळी कासव भुंग्याची. एकच खूण मनात ठेवा: खरी पिशवी अळीबरोबर हलते आणि तिला दोन्ही टोकांना तोंड असतं.

१३. घराच्या भिंतीवर चपटी, दोन्ही टोकांना निमुळती राखाडी पिशवी चढते आहे. झाडावरूनच आली ना?

नाही. ती टिनिडी कुळातली फेरीओइका, कपड्यांच्या कसरीची नातलग. झाडाची पानं ती खात नाही; कोळिष्टकं, केस, लोकर, मेलेले किडे यांवर जगते. पिशवी दोन्ही टोकांना सारखी असल्याने अळी आतल्या आत वळून कुठल्याही बाजूने डोकं काढते. जाळी झाडा, कोपरे साफ करा. झाडावर फवारून काही साधणार नाही.

१४. झाडाच्या बुंध्याशी पालापाचोळ्यात घर घेऊन फिरणारी अळी सापडली. वरच्यापैकी कशातच बसत नाही.

इथे अळी बाहेर काढून पाय पाहावे लागतात. एरवी मी हे करू देत नाही.

बॅगवर्मला छातीच्या तीन जोड्यांखेरीज पोटाखाली मांसल पाय असतात, त्यांच्या आकड्यांनी ती पिशवी धरून ठेवते. पोटाखाली पायच नसतील आणि अंग इंग्रजी 'सी'सारखं वाकलेलं असेल, तर ती क्रिप्टोसेफलस किंवा त्याच्या नात्यातल्या भुंग्याची. त्या भुंग्यांच्या अळ्यांचं घर त्यांच्याच विष्ठेचं असतं, कठीण आणि घंटेसारखं. काही जातींच्या अळ्या तर मुंग्यांच्या वारुळात राहतात. पोटाच्या अगदी टोकाला आकड्यांची एकच जोडी असेल, तर ती कॅडिसफ्लाय. कॅडिसफ्लाय पाण्यात राहतात हे खरं. पण युरोपातली एनोइसायला प्युसिला हा अपवाद आहे: तिची अळी जमिनीवर, ओलसर पाचोळ्यात आणि शेवाळात राहते.

१५. पिशव्या वर्षानुवर्षं पाहतोय, पतंग एकदाही दिसला नाही. मादी असते तरी कुठे?

पिशवीतच. अनेक जातींच्या मादीला पंख नसतात, पाय आणि डोळेही नावापुरते असतात. ती गंध सोडते, नर उडत येतो, पिशवीच्या खालच्या तोंडातून लांब होणारं पोट आत घालून मीलन करतो आणि थोड्याच काळात मरतो. थायरिडॉप्टेरिक्स एफेमेरिफॉर्मिस या उत्तर अमेरिकी जातीचा नर काळा, केसाळ, काचेसारख्या पंखांचा असतो. तिची मादी आपल्याच कोषाच्या टरफलात ५०० ते १,००० अंडी घालते. वर्षाला एकच पिढी होते आणि थंडीचे दिवस अंड्यांच्या रूपात जातात, अळीच्या नव्हे.

कुळातल्या सगळ्याच माद्या अशा नसतात. काहींना चांगले पाय असतात, त्या पिशवीवर येऊन बसतात. थोड्या जातींत तर पंखही असतात. 'मादी चालताना पाहिली, म्हणजे ती बॅगवर्म नाही' असा निष्कर्ष काढू नये.

१६. पिशवी रिकामी आहे की भरलेली, न फाडता कसं ओळखायचं?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि हाच माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. जुन्या पिशव्या झाडावर कित्येक हंगाम टिकतात. झाडावर पन्नास मोजल्या म्हणजे पन्नास अळ्या आहेत असं नाही.

आधी खालचं टोक पाहा. तिथून कोषाचं तपकिरी, पातळ टरफल अर्धं बाहेर आलेलं असेल तर तो नर होता आणि उडून गेला. पिशवी निर्धास्तपणे सोडून द्या. पिशवीच्या बाजूला टोकदार पेन्सिलने पाडावं तसं नेटकं गोल भोक असेल तर आतल्या अळीला परजीवी गांधीलमाशीने संपवलं आहे (पुढचं प्रश्न १७ मध्ये). वेडंवाकडं फाडलेलं असेल तर बहुधा पक्षी.

काहीच खूण नाही, पिशवी फांदीला रेशमी पट्ट्याने आवळलेली आहे आणि तोंड बंद आहे. मग हलकेच दाबा. कागदासारखी चेपली तर रिकामी. आत भरीव, लांबट काही लागलं तर कोष, किंवा मादीने मागे ठेवलेलं अंड्यांनी भरलेलं टरफल. दुसरी शक्यताच घातक. बाहेरून निर्जीव दिसते, महिनोन्‌महिने हलत नाही, आणि आत शेकडो अंडी. मी एकदा अशा सात पिशव्या 'रिकाम्या आहेत, छान दिसतात' म्हणून खिडकीतल्या उघड्या डबीत ठेवल्या होत्या. काही महिन्यांनी सकाळी पडद्यावर धुळीच्या कणांएवढ्या अळ्या चढत होत्या, आणि प्रत्येकीने पडद्याच्याच धाग्यांची टोपी घातली होती.

आठवडाभर हालचाल नाही म्हणून अळी मेली असंही समजू नका. कात टाकतानाही ती पिशवी बांधून तोंड शिवून घेते.

१७. पिशवी कापली तर आत अळीऐवजी पुष्कळ बारीक कोष निघाले. ही तिची पिल्लं?

नाही, तिचे मारेकरी. परजीवी गांधीलमाश्यांच्या अळ्या बॅगवर्मला आतून खाऊन तिथेच कोष करतात. काही माश्याही हेच करतात. जपानात नीॲल्सोमिया रुफेला ही माशी पानांवर अतिसूक्ष्म अंडी घालते आणि युमेटा जॅपोनिकाची अळी ती पानाबरोबर गिळते. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून ही बॅगवर्म तिथे फार कमी झाली, त्यामागे या माशीचा मोठा हात आहे.

बागेत असे कोष निघाले तर ती पिशवी पाण्यात बुडवू नका, झाडाखालीच ठेवा.

१८. मादीला पंख नाहीत, मग माझ्या नव्या झाडावर ही आली कशी?

वाऱ्याने. नुकती बाहेर पडलेली अळी रेशमाच्या धाग्यावर लोंबते आणि वाऱ्याबरोबर वाहत जाते. लागण अनेकदा झाडाच्या शेंड्याकडून आणि वाऱ्याच्या बाजूने सुरू झालेली दिसते ती त्यामुळे. दुसरी वाट म्हणजे रोपवाटिकेतून आलेलं रोप. नवं झाड लावण्याआधी फांद्या खालून पाहा.

१९. झाड मरेल का?

झाड कुठलं आहे त्यावर अवलंबून आहे. रुंद पानांचं निरोगी झाड ओरबाडलं गेलं तरी पुन्हा पालवतं. मोरपंखी, थूजा, जुनिपर यांची गोष्ट वेगळी: पूर्ण उघडी पडलेली फांदी सहसा पुन्हा हिरवी होत नाही, आणि सगळं झाड उघडं पडलं तर मरू शकतं. मोठ्या लागवडीतही त्रास होतो. तेलताडावर मेटिसा प्लाना वर्षात अनेक पिढ्या काढते. दक्षिण आफ्रिकेत वॉटल बाभळीवर कोटोकॅलिया जुनोदी ही जुनी डोकेदुखी आहे. पण बागेतल्या एका आंब्यावर चार पिशव्या दिसल्या म्हणून झोप उडवण्याचं कारण नाही.

२०. मग करायचं काय? तोडून खाली टाकल्या तर चालेल?

तोडा, खाली टाकू नका. अंडी असतील तर जमिनीवरही फुटतात आणि अळ्या पुन्हा झाडावर चढतात. साबणाच्या पाण्यात बुडवा. सर्वांत चांगला काळ म्हणजे अंडी फुटण्याआधीचा, पिशव्या स्थिर असतानाचा. त्या काळात काढलेली एक पिशवी म्हणजे टळलेल्या शेकडो अळ्या.

ओढू नका, कात्रीने कापा. हे रेशीम हाताने तुटत नाही. जपानी संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत बॅगवर्मचं रेशीम कोळ्याच्या धाग्याहून मजबूत ठरलं. फांदीभोवतीचा पट्टाही कापून काढा, कारण पिशवी गेली तरी तो राहतो आणि फांदी जाड होत गेली की तिला करकचून आवळतो.

२१. फवारणी केली, एकही मेली नाही. औषध बनावट होतं का?

बहुधा वेळ चुकली. पिशवी मोठी झाली की आत थेंब पोचत नाही, आणि तोंड शिवून बसलेली अळी काही खातही नाही. बॅसिलस थुरिन्जिएन्सिस कुर्स्टाकी म्हणजे बीटी पोटात गेलं तरच काम करतं, त्यामुळे ते अळ्या नुकत्या निघालेल्या असताना, पिशव्या सेंटिमीटरभराच्या आत असताना वापरायचं. त्या वयात अळी पिशवीचं शेपूट वर करून चालते, पानावर उभे इवले शंकू दिसतात. ते दिसले की वेळ झाली. लोंबत्या मोठ्या पिशव्यांवर फवारणं म्हणजे परजीवी माश्या मारणं आणि बॅगवर्म राखणं. बाटलीवरच्या सूचना वाचाव्यात, हे वेगळं सांगायला नको.

२२. हाताला खाज येते का? चावते का?

बॅगवर्मच्या अळीला डंख नाही, सुरवंटासारखे खाजरे केस नाहीत. टोचलंच तर पिशवीवर जडवलेला बाभळीचा काटा टोचतो. अर्थात, पिशवी समजून केसाळ सुरवंटाचा कोष पकडलात तर खाज येईलच; न ओळखलेल्या गोष्टीला हातमोजा बरा.

२३. मुलांना पाळून पाहायची आहे. जमेल?

जमतं. जाळीचं झाकण असलेली बरणी, उभी काटकी, आणि ज्या झाडावर सापडली त्याचीच ताजी पानं. काचेवर चढताना तिची गंमत पाहा: गुळगुळीत काचेवर पाय टिकत नाहीत म्हणून ती रेशमाची नागमोडी शिडी विणत जाते आणि तिच्यावरून चढते. पिशवीतून बाहेर मात्र ओढू नका, आतून ती आकड्यांनी धरून बसलेली असते आणि ओढताना फाटते. झाकण घट्ट हवं. का, ते प्रश्न १६ मध्ये.

२४. ओळख पटवायला फोटो कसा पाठवू?

एक नको, चार पाठवा: पिशवी बाजूने, शेजारी मोजपट्टी ठेवून, पिशवीचं खालचं टोक जवळून, ती फांदीला किंवा पानाला जिथे चिकटली आहे ती जागा, आणि खाल्लेलं पान, उजेडासमोर धरून. सोबत झाडाचं नाव आणि तारीख. तेवढ्यावर कूळ बहुतेक वेळा सांगता येतं, जात क्वचित. कोलिओफोराच्या पुष्कळ जाती तर पतंग निघाल्यावर त्याचे जननअवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच ठरतात. फक्त पिशवीचा, तोही झाडापासून तोडून टेबलावर ठेवलेला फोटो आला, तर मी पहिल्यांदा विचारणार: कुठल्या झाडावर होती?